एका गळ्याचा वस्तरा

लखनौमध्ये चौकाच्या अलीकडे नखास नावाचा भाग आहे. तिथे रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पोपट-मैनांचे पिंजरे, बंद पडलेली घड्याळं, पितळी तोट्या, कॅमेऱ्यांची भिंगं, कुणाच्या तरी घरातून निघालेल्या चिनी मातीच्या बशा, असं सगळं चादरी अंथरून रस्त्यावरच मांडलेलं असतं. पुण्याहून नोकरीसाठी लखनौला आलेल्या एका तरुणाला तिथे एक वस्तरा दिसला आणि त्याचा पाय पुढे निघेना.

घडीचा वस्तरा होता. मूठ पिवळसर सेल्युलॉइडची, लांबून हस्तिदंती वाटावी अशी. पात्याच्या मुळाशी ‘सोलिंगेन’ एवढंच वाचता येत होतं. पातं काळवंडलेलं, टोकाशी गंजाचे ठिपके, धार तर केव्हाच गेलेली. सोलिंगेन हे जर्मनीतलं सुऱ्या-वस्तऱ्यांचं गाव. तिथला माल एके काळी आपल्याकडे तालुक्याच्या बाजारातसुद्धा मिळे. या तरुणाच्या आजोबांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे, वाईच्या वाड्यात अगदी असाच वस्तरा होता. सकाळी ते चौकात पाट मांडून दाढीला बसत. पितळी वाटीत कढत पाणी, गोदरेजची साबणाची वडी, खांबाच्या खिळ्याला अडकवलेला चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर वस्तरा फिरू लागला की पोरं आपोआप गप्प होत. आजोबा गेले, वाडा आवरायला काढला, भंगारवाला आला आणि जुन्या लोखंडाबरोबर तो वस्तराही वजनावर गेला. कुणी मुद्दाम दिला नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही. पण या नातवाच्या मनात तो सल राहून गेला होता.

त्याने फारशी घासाघीस केली नाही. विकणाऱ्याने वर्तमानपत्राच्या तुकड्यात वस्तरा गुंडाळून दिला आणि तो खिशात घालून हा घरी आला.

घर मामांचं होतं, म्हणून आपण त्याला भाचा म्हणू. मामा तरुणपणी वाईहून गाणं शिकायला इथे आले. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज काढलं. पुढे मुंबईचे श्रीकृष्ण रातंजनकर तिथे प्राचार्य झाले, आणि मग कितीतरी वर्षं गाण्यासाठी घर सोडणाऱ्या मराठी मुलांनी ही वाट धरली. कैसरबागेत वाजिद अली शाहच्या परीखान्यात हे कॉलेज भरे. आता त्याला भातखंड्यांचंच नाव आहे. मामा तिथे शिकले, तिथेच शिकवू लागले, कानपूरच्या मराठी घरातली मामी केली आणि लखनौचेच झाले. आता मामांच्या उजव्या हाताला कंप होता. तंबोरा जुळवायला दुसरं कुणी लागे. पेला दोन्ही हातांनी धरावा लागे. आणि दाढी बंद झाली होती. इतकी वर्षं तीन तुकड्यांच्या साध्या रेझरने ते रोज दाढी करत. आता मामी आठवड्यातून एकदा मशीन फिरवून खुंट कमी करत. जन्मभर गुळगुळीत दाढी करून बैठकीला बसलेला माणूस आरशापुढून जाताना मान वळवून घेऊ लागला होता. हे घरात सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं.

मामांनी वस्तरा पाहिला. उघडला नाही, नुसता डाव्या तळहातावर धरून वजन पाहिलं.

“अण्णांचा असाच होता,” ते म्हणाले. “आता हा घेऊन करणार काय?”

“दाढी. अण्णा करायचे तशी. आधी कुणाकडून तरी करून घेतो, मग स्वतः शिकतो.”

हजरतगंजातल्या गारेगार सलूनमध्ये त्याला दारातूनच नकार मिळाला. तेव्हा मामांनी सांगितलं, “चौकात जा. अकबरी दरवाज्याच्या आत एक खलीफा आहेत. माझं नाव सांग.” लखनौत जाणत्या न्हाव्याला खलीफा म्हणतात. 

दुकान एका खुर्चीचं होतं. भिंतीला पारा उडालेला आरसा, त्याखाली फळीवर तुरटीचा खडा, साबणाची वाटी, दोन ब्रश. कोपऱ्यात छोट्या शेगडीवर पाण्याचं भांडं. खलीफांचं वय सत्तरीच्या पुढे, अंगात पांढरा कुर्ता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मामांचं नाव ऐकताच त्यांनी आधी चहा सांगितला, मास्टरसाहेबांच्या हाताची चौकशी केली आणि मग वस्तरा हातात घेतला. अंगठ्याच्या नखावर धार हलकेच टेकवून पाहिली. पातं उजेडासमोर तिरकं धरलं.

“कुणाचा आहे?”

“माझाच. नखासमध्ये घेतला.”

“आता तुमचा. आधी कुणाचा होता, ते याला ठाऊक,” खलीफा म्हणाले. “पोलाद चांगलं आहे, मियाँ. गंज आत गेलेला नाही. मंगळवारी या.”

मंगळवारी उत्तर प्रदेशात बरेच लोक दाढी-कटिंग करत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी खलीफांना सवड होती. भाचा पोचला तेव्हा त्यांनी गंज काढून ठेवला होता, धार त्याच्यासमोर लावली. हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. दगडावर पाणी शिंपडून त्यांनी पातं आडवं ठेवलं, पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकतील असं. मग धार पुढे करून ढकललं. टोकाशी पोचल्यावर पातं पाठीवरून उलटलं आणि पुन्हा धार पुढे ठेवून मागे आणलं. हातावर जोर नाही, बोटांनी नुसतं धरलेलं. पाण्यात करडी रेघ उमटत गेली. बऱ्याच वेळाने त्यांनी पातं पुसलं आणि आरशाशेजारी टांगलेला पट्टा डाव्या हाताने ताणला. पट्ट्यावर सगळं उलटं. तिथे पाठ पुढे जाते आणि धार मागून येते, नाहीतर चामडंच कापलं जातं. दगड धार काढतो आणि पट्टा ती सरळ करतो. यातलं एक राहिलं तरी वस्तरा ओरबाडतो. शेवटी त्यांनी आपल्या मनगटावरच्या केसांजवळ पातं नेलं. कातडीला न लावता वरच्यावर फिरवलं आणि केस तुटून पडले.

भाचा खुर्चीत बसला, मान मागे टाकली, डोळे मिटले.

गरम पाण्यात पिळलेला रुमाल गालांवर आला. ब्रश गोल गोल फिरत राहिला, घाई नाही. मग ‘कट्’ असा आवाज झाला. त्याने डोळे उघडले. खलीफांनी कागदातलं ब्लेड कागदासकट मधोमध वाकवून मोडलं होतं. अर्धं पातं ते प्लॅस्टिकच्या मुठीत सरकवत होते. सोलिंगेनचा वस्तरा फळीवर घडी करून ठेवलेला.

“खलीफा, तो वस्तरा?”

“तो झाला तयार. घरी घेऊन जा.”

“पण मला त्यानेच दाढी करून हवी होती.”

“आम्ही दुसऱ्याच्या गळ्याला तो लावत नाही.” आवाजात राग नव्हता. “आमचाही आहे. वडिलांचा. तेल लावून ठेवलाय धोकटीत. तोही लावत नाही.”

दाढी सुरेख झाली. तरी भाचा हिरमुसला. पैसे जास्त देतो म्हणाला. एकदाच करा म्हणाला. आपल्या आजोबांचं सांगितलं, भंगारवाल्याचं सांगितलं. वस्तरा माझाच, गळा माझाच, मग तुमची हरकत काय, असंही विचारलं. आणि शेवटी जरा तोडून बोलला: “पूर्वी लोक डोळे मिटून न्हाव्याला गळा देत होते. ती विद्याच तुम्ही लोकांनी सोडून दिली. आता सगळं फेकून द्यायचं.”

खलीफांनी त्याच्या गालांवर तुरटी फिरवली, टॉवेलने पाणी टिपलं आणि समोरच्या बाकावर बसले.

“गळा देण्याची गोष्ट काढलीत म्हणून सांगतो. या शहरात एका बादशहाने न्हाव्याला गळा दिला होता.”

ही गोष्ट चौकात आजही सांगितली जाते आणि इतिहासातही आहे. अवधचा राजा नसीरुद्दीन हैदर १८२७ ते १८३७ गादीवर होता. त्याच्या दरबारी एक इंग्रज न्हावी आला, जॉर्ज डेरुसेट. जहाजावर काम करत कलकत्त्याला उतरलेला, तिथे गोऱ्यांचे केस कापून बस्तान बसवलेला माणूस. राजाचे केस सरळसोट होते, त्याला कुरळे हवे होते. डेरुसेटने ते कुरळे करून दिले आणि राजा त्याच्यावर लुब्ध झाला. त्याला ‘सरफराज खान’ हा किताब दिला. राजाला विषाची धास्ती होती. तेव्हा दारूची बाटली या न्हाव्याच्या घरी मोहरबंद व्हायची, मेजावर त्यानेच मोहर तपासून फोडायची, पहिला घोट त्यानेच घ्यायचा. मग राजा पिणार. म्हणजे गळा बाहेरून त्याच्या हातात होताच, आतूनही गेला. त्याने काय केलं? राजवाड्याचा पुरवठा स्वतःकडे घेतला. एका महिन्याचा हिशेब ९० हजार रुपयांवर गेल्याचं विल्यम नाइटनने लिहून ठेवलंय. नाइटनचं पुस्तक १८५५ सालचं, आणि पुढच्याच वर्षी कंपनीने अवध घशात घातलं; तेव्हा राजाच्या बदनामीचा त्यातला सगळा मसाला खरा मानायचं कारण नाही. पण न्हावी होता, त्याने अफाट माया जमवली आणि ती घेऊन तो विलायतेला गेला, एवढं खरं. तो गेल्यावर थोड्याच काळात, १८३७ साली, राजा मेला. विष दिलं असं तेव्हाही म्हणत, आताही म्हणतात.

“आमचे वडील ही गोष्ट सांगून विचारायचे, त्या न्हाव्याचा हात वाईट होता का?” खलीफा म्हणाले. “हात उत्तमच असणार. नाहीतर राजा खूश झाला नसता. पण राजा खुर्चीत बसल्यावर त्याच्या भल्याचा विचार त्या न्हाव्याने केला नाही. मियाँ, माणूस डोळे मिटतो तेव्हा त्याच्या वाटचं न्हाव्याने बघायचं असतं. ते बघणं म्हणजे हे काम. उस्तरा नंतर.”

मग ते स्वतःचं बोलले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. चिकनकारी कापडाच्या दुकानातला एक मुनीम त्यांचं रोजचं गिऱ्हाईक होता. त्याला कावीळ झाली, ती हटेना, यकृत गेलं आणि माणूस गेला. चौकाला लागूनच मेडिकल कॉलेज आहे, १९११ सालापासूनचं. तिथले एक डॉक्टरही खलीफांकडे दाढीला येत. त्यांनी सांगितलं, ही कावीळ रक्तातून पसरते. डोळ्यांना दिसणार नाही एवढं रक्त पुरतं, आणि ते वाळलं तरी त्यातला विषाणू ७ दिवस जिवंत राहू शकतो. पुसलेल्या पात्यावरसुद्धा. एड्सचीही भीती तेव्हा नुकतीच देशभर पसरली होती. डॉक्टरांनी खलीफांना दोष दिला नाही. मुनिमाच्या घरच्यांनीही दिला नाही. त्याला ती कावीळ कुठून आली, ते कधीच कळलं नाही.

“त्या रात्री आम्ही दुकान बंद करून इथेच बसलो,” खलीफा म्हणाले. “मुनीमजींनंतर त्या खुर्चीत कोण बसलं, मग कोण, दुसऱ्या दिवशी कोण, आठवत गेलो. एक शाळेतला मुलगा होता, त्याला पहिल्यांदाच मिसरूड फुटलेलं. एक नवरदेव होता. उस्तरा प्रत्येक वेळी धुतला होता, पट्ट्यावर मारला होता, वडिलांनी शिकवलं त्यातलं काही सोडलं नव्हतं. पण त्या मुलाच्या आईने येऊन विचारलं असतं, की खलीफा, माझा मुलगा सुखरूप आहे ना, तर छातीवर हात ठेवून हो म्हणता आलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून ब्लेड आणलं. प्रत्येकाला नवं अर्धं.”

लोकांना ते आवडलं नाही. जुनी गिऱ्हाइकं म्हणाली, यात मजा नाही. एका खानदानी वृद्धाला अपमान वाटला: माझ्या रक्तात खोट आहे असं म्हणायचंय का तुला? तो पुन्हा आला नाही. ब्लेडचा खर्च अंगावर पडला. दर वाढवावा तर गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जाई. शेजारच्या गल्लीत जुनेच वस्तरे चालू होते, आणि तिथे गर्दीही होती. खलीफांनी हे सगळं दोन वाक्यांत उरकलं. वडिलांच्या वस्तऱ्याला दर महिन्याला तेल लावतो, एवढं मात्र त्यांनी सावकाश सांगितलं.

भाच्याने वस्तरा खिशात घातला आणि विचारलं, “मग हा मी करू काय?”

“तुम्हीच वापरा. एका गळ्याला एक उस्तरा, यात काहीच वावगं नाही. पूर्वी मोठ्या घरांतून न्हाव्याकडे घरचा उस्तरा वेगळा ठेवलेला असे. मंगळवारी येत जा, शिकवतो.”

घरी आल्यावर भाच्याने हे सगळं मामांना सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वस्तरा खाली ठेवणं ही आपल्याकडेही झालेली मोठी गोष्ट आहे. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून सांगितलं. नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्यामागे उभे होते. गरीब माणसं. केशवपनाचे पैसे मिळत होते, वरून धर्माचा आधार होता, आणि तरी त्यांनी हात आवरला. आपण त्यांच्या हत्यारांवर प्रेम करतो, जुनं ते जुनं म्हणून. हात आवरला ते कुणी आठवत नाही.”

भाच्याचं शिक्षण मडक्यावर सुरू झालं. मातीचं मडकं उपडं घालायचं, त्यावर साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो असा उतरवायचा की पात्याचा मातीवर आवाज होता कामा नये. खरखर झाली की खलीफा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहत असतानाही इकडून म्हणत, “गाल कापला.” मडक्याचे दोन्ही गाल बरेच दिवस कापले गेले.

मग चेहरा. तेव्हा कळलं की दाढीतलं मुख्य काम डाव्या हाताचं असतं. तो कातडी ताणून धरतो, आणि ताणलेल्या जागेवरूनच पातं जातं. पातं गालाला सपाट टेकवायचं नाही, उभंही धरायचं नाही. पाठ कातडीपासून जेमतेम उचलायची. दाबायचं नाही, पात्याचं वजन पुरतं. आधी केसांच्या दिशेने. उलट्या हाताचं नाव काही महिने काढायचं नाही. आणि या सगळ्याच्या आधी पाणी. कोरडा केस तारेसारखा ताठ असतो. गरम पाणी पिऊन तो फुगतो, मऊ होतो आणि पात्याला वाट देतो. “अर्धी दाढी पाणी करतं,” खलीफा म्हणत. “लोक पाण्याचा वेळ वाचवतात आणि मग पात्याला शिव्या देतात.”

घाईत उरकायची गोष्ट ही नव्हेच. सकाळचा वेळ त्यासाठी वेगळा काढावा लागला. फोन बाजूला ठेवावा लागला, कारण मन हललं की हात हलत होता. हनुवटीखाली दोन-तीनदा रक्त आलं. हळूहळू हात बसला. आणि एका सकाळी गालावरून पातं गेलं तेव्हा त्याने तो आवाज ऐकला. पोकळ घासलेलं पातळ पातं ताणलेल्या कातडीवरच्या केसांतून जाताना वाजतं. बारीक, कोरडा, धातूचा आवाज. वाईच्या चौकातला. भाचा आरशात पाहत हसला. इतकं साधं सुख त्याला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

तो आवाज आणखी एकाने ऐकला. न्हाणीघराच्या बाहेर मामा उभे होते.

“अरे, मी अंथरुणात पडूनच ओळखायचो,” ते म्हणाले. “अण्णांचा वस्तरा आता कुठे आलाय ते. गालावर वेगळा वाजतो, हनुवटीवर वेगळा. मला स्वरांची ओळख गुरुजींच्याही आधी त्या आवाजाने करून दिली असेल.” थोडं थांबून त्यांनी आपल्या खुंट वाढलेल्या गालावरून डावा हात फिरवला. “एकदा माझी करशील? याच वस्तऱ्याने?”

भाचा हो म्हणणारच होता. त्याचा हात आता चांगला होता. मामा घरचेच. मामांना किती बरं वाटेल, हे त्याला समोर दिसत होतं. पण वस्तरा तर रोज सकाळी त्याच्या गळ्याला लागत होता. कालच हनुवटीखाली कापलं होतं. घरच्या माणसाला काय होतंय, असं त्याच्या मनात आलं; आणि त्याच क्षणी त्याला वाटलं, की शेजारच्या गल्लीतले न्हावीसुद्धा इतकी वर्षं हेच म्हणत आले असतील. मामांच्या चेहऱ्याकडे पाहत नाही म्हणणंही त्याच्याने होईना.

“बघू,” एवढंच तो बोलला आणि कामाला गेला.

ते दोन दिवस त्याचे वाईट गेले. मामांना अर्ध्या ब्लेडने दाढी करून देता आली असती, स्वच्छ, सुरक्षित. पण मामांनी दाढी मागितलीच नव्हती. त्यांनी तो आवाज मागितला होता. आणि तो एकाच वस्तऱ्यात होता, आणि वस्तरा एकाच गळ्याचा. हिशेब इतका सरळ होता की त्यातून एकच उत्तर निघत होतं, आणि तेच त्याला नको होतं. नखासच्या चादरीवरून तो वस्तरा त्याने उचलला होता, गंजातून सोडवला होता, त्याच्यासाठी मडक्यावर हात घासला होता. आजोबांचं काहीतरी पहिल्यांदा त्याच्या हातात आलं होतं. पण आजोबा मामांचे वडील होते. भंगारवाला वस्तरा घेऊन गेला तेव्हा मामांचंही काहीतरी गेलं होतं; ते कधी बोलले नाहीत, इतकंच.

सोमवारी संध्याकाळी तो चौकात गेला. वस्तरा फळीवर ठेवला.

“खलीफा, हा मामांच्या नावाचा करून द्या. पूर्ण नव्याने. आजपासून मी हात लावणार नाही.”

खलीफांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. “विचार केलात? उद्या वाटलं, एकदा लावावा, तर चालणार नाही.”

“केला.”

“दाढी कोण करणार?”

“तुम्ही. घरी येऊन. गळा ठरलेला, वस्तरा ठरलेला. आता तुमची हरकत नसावी.”

यावर खलीफा बराच वेळ काही बोलले नाहीत. तीस वर्षं त्यांनी उघडा पोलादी वस्तरा दुसऱ्याच्या गळ्याजवळ नेला नव्हता. मग त्यांनी मान हलवली. मुठीचे सांधे साफ केले, स्पिरिटने पातं, मूठ, खिळ्याच्या फटी पुसल्या, आणि दगड ओला केला. धार लावून झाल्यावर भाचा निघाला. गल्लीच्या टोकाला पोचल्यावर त्याला आठवलं, वेळ सांगायची राहिली. तो परत फिरला. दुकानाची एक फळी लावलेली होती आणि आत खलीफांनी मडकं उपडं घातलं होतं. फेस लावून ते वस्तऱ्याने तो उतरवत होते. एका गालाचा झाला, दुसऱ्या गालाचा झाला, पुन्हा फेस लावला. भाच्याला पाहून ते ओशाळले नाहीत.

“हात विसरला असेल तर मास्टरसाहेबांच्या गालावर आठवण करून द्यायची का?” ते म्हणाले. “उद्या दहाला येतो. पाणी कढत ठेवा.”

मंगळवारी मामा खिडकीपाशी खुर्चीत बसले. मामींनी खांद्यावर टॉवेल टाकला. गरम रुमाल, ब्रश, पुन्हा रुमाल, पुन्हा ब्रश. खलीफांनी पट्टा भाच्याच्या हातात दिला, दुसरं टोक दाराच्या कडीला अडकवलं आणि वस्तरा मारून घेतला. मामांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. डोकं स्थिर होतं. पातं कानशिलाजवळ टेकलं आणि खाली आलं.

मामांनी डोळे मिटले होते. “गाल,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, “जबडा.” मग खलीफांनी दोन बोटांनी नाकाचा शेंडा वर उचलला तेव्हा बोलता येत नव्हतं, म्हणून डाव्या हाताने ओठावर बोट ठेवून दाखवलं. खलीफांना हसू आलं, पण ते पातं उचलून मग हसले.

“बोलू नका, मास्टरसाहेब. आमचं काम आम्हाला करू द्या.”

“करा, करा,” मामा म्हणाले. “किती वर्षांनी ऐकतोय.”

दाढी झाल्यावर मामींनी आरसा आणला. मामांनी मान वळवली नाही. दोन्ही गालांवरून हात फिरवला, कान, गळा, हनुवटी सगळं सावकाश पाहिलं, आणि भाच्याला म्हणाले, “कपाटात वरच्या खणात माझा रेझर आहे, तो तू घे. ब्लेड नवं लाव.”

“आणलंय,” भाचा म्हणाला.

खलीफांनी वस्तरा पुसून, कोरडा करून, तेलाचा हात लावून मामांच्या हातात दिला आणि सामान आवरलं. भाच्याने पैसे काढले. दर त्याला माहीत होता, तेवढे त्याने पुढे केले. खलीफांनी ते मोजले आणि त्यातलं एक नाणं परत दिलं.

“हे कशाचे?”

“अर्ध्या ब्लेडचे,” खलीफा म्हणाले. “आज लागलं नाही.”